बर्फावरच्या अक्षता

सुर्वेनाना फिगर स्केटिंग उजवी मूठ मिटून बघतात. टाळ्या वाजवायची वेळ आली की डाव्या हाताने गुडघ्यावर थापा मारतात, पण मूठ उघडत नाहीत.

दुबईतल्या एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान आहे. तिथे दरवर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, आणि माझे शेजारी सुर्वेनाना, गाव चिपळूण, हुद्दा एसी डक्टिंगचे फोरमन, कानटोपी घालून पहिल्या रांगेत बसतात. माझी पत्नी वसुधा गेल्यावर मी शाळेची लायब्ररी सोडली तर कुठेच जात नव्हतो. "मास्तर, यल्ला! पुस्तकं किती उबवाल? गारव्याला चला," म्हणत त्यांनी मला ओढून नेलं.

बाहेर वाळूचा धुरळा आणि आत निळसर पांढरा उजेड. माणसं वजन नसल्यासारखी तरंगत जातात. बघता बघता आपण कुठल्या देशात आहोत तेही मला आठवेनासं होतं. नानांचं तसं नाही. कुणी सुरेख गिरकी घेतली की म्हणतात, "डक्टिंग बरोबर बसलंय." कुणी पडलं की, "खलास. सांधा लीक." फलकावर गुण झळकले की ते दिरहम असल्यासारखे सवयीने तेराने गुणून रुपयांत सांगतात. एकेकटे खेळाडू आले की डुलकी काढतात. जोड्यांचा प्रकार सुरू झाला की मात्र ताठ.

मुठीचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं.

मंदीत नानांची कंपनी रातोरात बंद झाली. ऑफिसला कुलूप, पासपोर्ट आत, आणि तिकडे चिपळूणला त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, शलाकाचं, लग्न. "नोकरी गेली म्हटलं असतं तर पोरीने लग्न पुढे ढकललं असतं, मास्तर." म्हणून त्यांनी घरी कळवलं, साहेब सुट्टी देत नाही.

मुहूर्ताच्या दिवशी खोलीत बसवेना, म्हणून ते मॉलमध्ये येऊन बसले. घड्याळ भारताच्या वेळेला लावलेलं, खिशात पत्रिकेबरोबर आलेल्या अक्षता. समोर स्पर्धा चालू होती. मुहूर्ताची वेळ झाली आणि नेमकी तेव्हाच एक जोडी हातात हात घालून बर्फावर आली. नानांनी अक्षता टाकल्या.

स्पर्धा थांबली. बुटांच्या पात्यांखाली तांदूळ म्हणजे खडेच. त्यात कुंकवाचे लाल ठिपके बघून कुणाला लागलं की काय म्हणून डॉक्टर धावले. गार्डने नानांचा दंड धरला.

"ये क्या फेंका?"

"बेटी की शादी है."

"इधर?"

"नहीं. चिपळूण में."

गार्डने दंड सोडला. मग म्हणाला, "चलो, चावल उठाओ." नाना बर्फावर रांगत दाणे वेचू लागले. ते बघून ती जोडीही गुडघ्यांवर बसली. त्यातल्या मुलीने वेचलेले दाणे नानांच्या तळहातावर ठेवले. तेच दाणे दरवर्षी मुठीत असतात.

"कुणाला बोलायचं नाही," नानांनी मला बजावलं.

चौथ्या वर्षी शलाका नवऱ्याला घेऊन पहिल्यांदाच दुबईला आली. नाना दोघांना स्पर्धेला घेऊन आले. ती वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

"काका, स्पर्धेला बाबांना दरवर्षी सुट्टी मिळते बरं का," ती मला म्हणाली. "माझ्या लग्नाला तेवढी नव्हती."

"साहेबच तसा होता गं," म्हणत नानांनी कानटोपी खाली ओढली आणि ते चहा आणायला गेले.

मी सहसा कुणाच्या मधे बोलत नाही. पण वसुधाला सांगायचं राहून गेलेलं माझ्याकडे बरंच आहे, आणि आता त्याचं काय करावं ते कळत नाही. मी शलाकाला सगळं सांगितलं.

डाव्या हाताने ट्रे तोलत नाना परत आले. जोडी बर्फावर उतरली होती.

"बाबा, मूठ उघडा."

"अगं, जोडी चालू आहे..."

"उघडा ना."

रंग उडालेले सात-आठ दाणे होते. शलाकाने नवऱ्याची बाही ओढली आणि दोघांनी डोकी पुढे वाकवली. नानांचा हात वर गेला. एक दाणा तिच्या केसांत अडकला, बाकीचे टपटपत खाली बर्फाच्या कठड्याकडे गेले.

"बर्फावर गेला काय गं?" नाना दचकून म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून दाणे शोधू लागले. शलाकाही त्यांच्या शेजारी बसली आणि वेचू लागली.

बर्फावरची जोडी पडली की नाही, ते आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही.