सुनेच्या गावाची चतुःसीमा

साळवीकाका सकाळची पूजा झाली की उदबत्ती आधी गणपतीला ओवाळत, मग खंडोबाला, आणि मग शेजारच्या भिंतीवरच्या नेवाडा राज्याच्या नकाशाला. नकाशाला फूल वाहत नसत, एवढाच फरक. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसू दाबायला खोकलो. काकांनी पाणी आणून दिलं. म्हणाले, "धूर लागला काय? मग नेवाडात तुमचं कठीण आहे, प्रकाशराव. तिथली हवा फार कोरडी."

नेवाडा हे अमेरिकेच्या पश्चिमेकडचं वाळवंटी राज्य. लोकांना ते जुगारामुळे माहीत असतं. काकांना जुगार सोडून बाकी सगळं माहीत होतं. त्यांनी नेवाडा पाहिलेलं मात्र नव्हतं. कराडला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार म्हणून नोकरी, मग निवृत्ती, मग काकू गेल्या आणि काका मुलाकडे, मंदारकडे, न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आले. सँडरिंगहॅममध्ये आमच्यापासून चौथं घर. नव्या शतकाची पहिलीच वर्षं ती. आमच्यासारखे आयटीवाले पुण्या-मुंबईहून येऊन इथे नुकते स्थिरावत होते, आणि आमच्यात सासऱ्याच्या वयाचा माणूस हा एकच. त्यामुळे सगळ्यांचे काका.

मोजणीचं खातं सुटलं तरी भाषा सुटली नव्हती. कोणी काही सांगू लागलं की काका हात वर करत. "थांबा. आधी चतुःसीमा सांगा." एकदा त्यांच्या पोटात दुखत होतं म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नेमकं कुठे दुखतंय विचारलं. काका म्हणाले, "उत्तरेस बरगडी, दक्षिणेस बेंबी, मधला पट्टा वादग्रस्त." मी जमेल तसं भाषांतर केलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघत ते लिहून घेतलं.

न्यू लिन उपनगरात त्यांची मुलगी राहायची. तिला भेटायला आणि तिथल्या लायब्ररीत काका चालत जात, पावलं मोजत. बसने का जात नाही, असं विचारलं तर म्हणाले, "बस अंतर खाते. माणसाला पत्ता लागत नाही." लायब्ररीतून अमेरिकेच्या इतिहासाची जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणायची, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायची, आणि मराठीत वहीत उतरवायची. मग जे वाचलं ते मेन रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात सांगायचं. दुकानदार गुजराती. त्याला काका सांगत, "नेवाडाला राज्य व्हायची घाई होती. पोस्टाने पोचेना, म्हणून अख्खी राज्यघटना तारेने पाठवली. अख्खी. तार मास्तरचा हात काय झाला असेल?"

"काका, कोथिंबीर एक जुडी की दोन?"

"दोन. आणि नेवाडाला दक्षिणेस हद्दच नाही, टोक आहे."

मी त्यांचं नाव नेवाडाकाका ठेवलं. हे नाव मीच ठेवलं हे आज पहिल्यांदा सांगतोय. त्याहून वाईट आहे तेही सांगून टाकतो.

मी आमच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो. गणपतीत एका शनिवारी हॉल घ्यायचा, मुलांचे नाच, मोठ्यांची गाणी, आरती, जेवण. काकांनी पहिल्याच वर्षी माझ्याकडे अर्ज दिला. अर्जच, वर 'विषय' आणि खाली 'आपला विश्वासू'. विषय होता, 'नेवाडा राज्य व तेथील निरनिराळे लोक: एक परिचय.' वेळ, दहा मिनिटं.

नाही म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. ती कधीच नव्हती. म्हणून मी हो म्हटलं आणि त्यांना आरतीनंतर, सगळ्यात शेवटी ठेवलं. काका माइकपाशी आले, चष्मा लावला, "पूर्वेस युटा," एवढं म्हणाले आणि मी मागून जाहीर केलं, "मंडळी, पानं वाढली आहेत." भुकेलेल्या मराठी माणसांना हे वाक्य ऐकल्यावर काय होतं ते सांगायला नको. हॉल रिकामा झाला. काकांनी कागदाची घडी घातली आणि तेही रांगेत आले.

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी मी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मंजिरीवहिनींना आधीच खूण ठरवून दिली होती, की काका उभे राहिले की मसालेभाताचं झाकण काढायचं. वास हॉलभर गेला. माझी घोषणाही लागली नाही. लोक हसले, मीही हसलो. त्या दिवशी पहिल्या रांगेत मंदारची बायको बसली होती. ती मात्र उठली नाही. सगळे गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांमध्ये ती एकटीच, मांडीवर हात ठेवून काकांकडे बघत. मी पाहिलं, आणि ताट घेऊन पाठ फिरवली.

तिचं नाव तेरेसा. जनावरांची डॉक्टर. आमच्या कार्यक्रमांना साडी नेसून यायची, मराठी समजायचं नाही, तरी शेवटपर्यंत थांबून भांडी घासू लागायची. ती अमेरिकन आहे एवढंच आम्हांला ठाऊक होतं. आम्ही तिला विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

चौथ्या वर्षी, गणपतीच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी दुपारी काका आमच्या घरी आले. हातात दोनच कागद.

"चाळीस पानांचे दोन केले," म्हणाले. "पाच मिनिटं द्या. यंदा द्या, पुढच्या वर्षी नको. दिवाळीनंतर दोघं जातायत. तिच्या वडिलांना आता मेंढ्यांचा कळप झेपत नाही."

"कुठे जातायत?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सातबारा न बघता जमीन घेणाऱ्याकडे बघत असतील. "कुठे म्हणजे? नेवाडात. एल्कोला. तिचं माहेर आहे ते."

मी खुर्चीत नीट बसलो.

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला कराडहून आलेल्या नातेवाइकांनी आपल्या रिवाजाप्रमाणे विचारलं, सून कुठली? गाव कोणतं? या लग्नावरून काका तेव्हा रागात होते. म्हणाले, अमेरिकेची आहे, तिला कसलं गाव आणि कसले लोक. सगळे हसले. तेरेसाने मंदारला विचारलं, काय म्हणाले? मंदार नवरा मुलगा, गोंधळलेला, त्याने शब्दाला शब्द सांगून टाकलं.

"तिने वाकून नमस्कार केला," काका म्हणाले. "चाळीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या, प्रकाशराव. एका वितीवरून कुऱ्हाडी निघालेल्या पाहिल्यात. आणि मी भर मांडवात तिच्या अख्ख्या गावावर रेघ मारली. मांडवात बोललो, तर आपल्या माणसांसमोर, ती समोर असताना दुरुस्त करायला पाहिजे. घरात बसून होत नाही ते."

"पण काका, एवढी पुस्तकं कशाला? तिलाच विचारायचं. रोज एका टेबलावर जेवता तुम्ही."

"ज्याच्या हद्दीची खूण आपण उपटली त्यालाच जाऊन विचारायचं, तुझी खूण कुठे होती? कुठल्या तोंडाने? गाव आणि लोक कोणते ते मंदारकडून कळलं, बाकीचं पुस्तकांतून."

मग जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. म्हटलं, "काका, पानं वाढली आहेत असं मी मुद्दाम सांगायचो. तुम्हांला बोलू द्यायचं नाही म्हणून."

"माहीत आहे की," काका म्हणाले. "पहिल्या वर्षी मी आत जाऊन बघितलं. पोळ्या अजून लाटत होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हांलाही लोकांना नाही म्हणता येत नाही. मलाही येत नव्हतं. पोराच्या लग्नाला तोंडावर नाही म्हणता आलं नाही, म्हणून तर मांडवात वाकडं बोललो. चहा टाका."

त्या वर्षी मी त्यांना आरतीच्या आधी ठेवलं. आमच्या हॉलमध्ये आरतीच्या आधी कोणी उठत नाही, गणपतीसमोर तशी कोणाची छाती नाही. मंजिरीवहिनी म्हणाल्या, "भावजी, डाळ गार होईल हां."

"होऊ दे."

"बरं वाटतंय ना तुम्हांला?"

काका उभे राहिले. चतुःसीमा झाली, दक्षिणेचं टोक झालं. मग म्हणाले, "आता माणसं. तिथे आधी होते शोशोनी आणि पायूट हे आदिवासी. हिवाळ्यासाठी डोंगरातल्या झाडांचे चिलगोज्यासारखे दाणे गोळा करायचे. मग चांदी सापडली, खाणवाले आले, आणि त्यांनी खाणीला लाकूड आणि जळणाला कोळसा हवा म्हणून तीच झाडं तोडली. चिनी आले, त्यांनी वाळवंटातून रेल्वे टाकली. गाड्या सुरू झाल्या, आणि त्यांना निघून जा म्हणून सांगितलं. मग स्पेनच्या डोंगरातून बास्क लोक आले. मेंढ्यांमागे चार-चार महिने एकटे. बोलायला माणूस नाही. पांढऱ्या सालीच्या झाडावर चाकूने आपलं नाव आणि गाव कोरायचे. म्हणजे कोणीतरी वाचेल."

काका थांबले. त्यांनी तेरेसाकडे हात केला.

"या माझ्या सूनबाई. माहेर बास्क, आजोळ शोशोनी. गाव एल्को, नेवाडा. लग्नात मी म्हटलं होतं की यांना गाव नाही. ती माझी चूक होती. नोंद दुरुस्त करावी, ही विनंती."

आणि 'आपला विश्वासू' म्हटल्यासारखं खाली बसले.

मंदार तेरेसाच्या कानात सांगत होता, या वेळीही शब्दाला शब्द. मग आरती झाली, आणि जेवणाच्या रांगेत जो तो तिच्याभोवती. मेंढ्या किती? बर्फ पडतं का? मंजिरीवहिनी, इंग्रजीची भीती असलेल्या, तिला हातवारे करून विचारत होत्या की चिलगोजे भाजतात की उकडतात. ती सांगत होती, लाल होऊन, घाईघाईने, ताट हातात तसंच.

काका भिंतीशी एकटेच बसले होते. मी त्यांच्यासाठी पान वाढून नेलं, तेवढ्यात ती आली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. काका ताठ झाले. मोजणी खात्याच्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, काही चुकलं का?

ती म्हणाली, चुकलं नाही. एक राहिलं. मला सांभाळलं ते माझ्या आजीने, आईच्या आईने. तिचं नाव तुम्ही घेतलं नाही.

"पुस्तकात नव्हतं," काका हळूच म्हणाले.

तिने नाव सांगितलं. ते शोशोनी होतं. मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. काकांनी म्हणून पाहिलं. चुकलं. तिने पुन्हा सांगितलं, एकेक तुकडा करून. काकांनी पुन्हा म्हटलं, तोंड तिच्यासारखं करत, शाळेतल्या मुलासारखं. चौथ्या वेळी ती हो म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. पदर लावायला ती कुठे शिकली, कोण जाणे.

काकांनी खिशातून पेन काढलं, भाषणाचा कागद पालटला आणि कोऱ्या बाजूला ते नाव देवनागरीत, ठसठशीत लिहिलं. खाली एक रेघ मारली. मग पेन तसंच धरून तिच्याकडे पाहिलं.

"आणि तिची आई?" त्यांनी विचारलं.