दाणी भाऊजींची मरळ

नाकाला रुमाल लावून मासळीबाजारात उभा राहणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच, आमचे शेजारी दाणी भाऊजी. चातुर्मासात ज्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही, ते गृहस्थ दर रविवारी हिराबाईच्या टोपलीपुढे! घ्यायचं काही नाही. नुसतं विचारायचं, "मरळ आली का? कुठल्या डोहातली?"

"दादा, धंद्याच्या टायमाला पोलिसावानी काय इचारता?" हिराबाई करवादायची. पण सांगायचीही.

भाऊजी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. गोदावरीला, म्हणजे आमच्या गंगेला, कधी किती पाणी होतं, धरणातून कधी सोडलं, कधी बंद केलं, सगळं त्यांनी उतरवून ठेवलेलं. त्याच्याशेजारी आता मासे मांडायचे होते. साठी उलटल्यावर खिशात फ्लॉपी घालून हे कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. पडद्यावर दोन रेघा काढायच्या, निळी पाण्याची, लाल मरळीची. आमच्या नातीच्या बारशाला म्हणे, "ही जन्मली तेव्हा गंगेला पाणी किती होतं, ठाऊक आहे?" मी म्हटलं, "भाऊजी, पेढा खा आणि गप्प बसा!"

त्यांची बायको माई होती तोवर हे खूळ नव्हतं. माई मूळची मासे खाणाऱ्या घरातली. दाण्यांकडे आली आणि सोडले बिचारीनं. ती गेली आणि यांनी बाजार धरला. कॉलनीत सगळे हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

एकदा चहा पिताना मी वैतागून विचारलंच, "अहो, या रेघांचं करायचंय तरी काय?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. "वहिनी, शेवटच्या दुखण्यात माईनं मरळीचं कालवण मागितलं होतं. कधी काही मागायची नाही ती. मी बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. कुणी ओळखीचं बघेल म्हणून तसाच परत फिरलो. तिला सांगितलं, धरणाचं पाणी बंद आहे, नदी आटलीय, मरळ येतच नाही." मग म्हणाले, "पाणी बंद होतं, हे खरं आहे. मासाही नव्हता, एवढं निघालं की झालं."

पुढच्या रविवारी त्यांच्याआधी मी हिराबाईला गाठलं आणि सगळं तिच्या कानावर घातलं.

भाऊजी आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत हिराबाईच म्हणाली, "दादा, माई आजारी व्हत्या तवा मरळ नव्हतीच बघा. मला चांगलं ध्यानात हाय. गंगा पार आटलेली, कुठून घावंल?"

भाऊजींनी नाकावरचा रुमाल काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नाही हो, हिराबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "परवा दोन्ही रेघा पुऱ्या झाल्या. निळी खाली गेली की लाल वर जाते. पाणी बंद झालं की मासे डोहात अडकतात, मरळ तेव्हाच सगळ्यात जास्त सापडते. त्या आठवड्यात तुमची टोपली भरलेली असणार."