नानांचे बुश आणि राधाबाईंचा साबण

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. आमच्या वॉर्डातला नगरसेवक संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मतांवर निवडून आला आणि मुंबईचा प्रश्न निघाला की मूग गिळून बसू लागला. म्हणून लालबागेतल्या बायकांनी ठरवलं, चार वाजता त्याच्या दारावर मोर्चा न्यायचा आणि त्याला बांगड्यांचा आहेर करायचा. सगळ्यांत पुढं कर्णा बांधलेली कोंडीरामची टॅक्सी.

टॅक्सी मात्र चिंचपोकळीला नाना मेस्त्रींच्या गॅरेजात विटांवर उभी होती. गाडीचं ओझं पेलणाऱ्या कमानपाट्याच्या टोकाला भोक असतं, त्यात रबरी बुश बसतो. तो बसल्याशिवाय गाडी हलत नाही. मऊ पडावेत म्हणून नानांनी आदल्या दिवशी चारही बुश रॉकेलात भिजत घातले होते. सकाळी पाहिलं तर पाकातल्या गुलाबजामांसारखे टम्म फुगलेले. कोंडीराम धावत जाऊन नवे चार घेऊन आला.

"दुकानात एवढेच होते, नाना. हेपण फुगवलेत तर कर्णा हातगाडीवर बांधावा लागेल."

"गप रे! पंचवीस वर्सां पानो धरतंय मी."

आता ग्रीस. ग्रीस लावलेला बुश आत गेला, नानांनी ऐटीत हात काढला आणि बुश सुळकन बाहेर येऊन गटारापाशी थांबला. तो पुसून खोबरेल लावलं. बुश जागचा हलला नाही, नानांची बोटं घसरली आणि अंगठा सोलला. कोंडीरामनं तूप सुचवलं.

"जेवताना मिळणा नाय, रबराक घालू?" नाना ओरडले.

तीन वाजले. मोर्चाची पुढारीण कमल आली. मागे डोक्यावर पाच डझन बांगड्यांची टोपली घेतलेली राधाबाई कासारीण.

"नाना, चारच्या आत गाडी देतो म्हणाला होतात," कमल म्हणाली. "जमत नसेल तर सांगा, दोन बांगड्या तुमच्यासाठी काढून ठेवते."

कोंडीराम फिदीफिदी हसला. राधाबाई हसल्या नाहीत. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"सरका. पाणी आणा, कपड्याचा साबण आणा."

"राधाबाय, तुका काय कळता ह्यातला? ह्यो बुश आसा, मनगट नाय!"

"मनगट ओरडतं तरी, मेस्त्री. हा मुका आहे. तेलानं बोटंच घसरतात. साबण ओला असेतो वाट देतो आणि सुकला की वस्तू जिथल्या तिथं राहते. पण माझी एक अट आहे. माझी एकही बांगडी आहेरात जाणार नाही."

"अहो, मग त्याला भित्रा म्हणायचं कसं?" कमल चमकली.

"तोंड दिलंय ना देवानं? गिरणीत राबणारे हात मी रोज भरते. लाठी खाऊन आलेले हातपण भरलेत. त्या हातातली बांगडी म्हणजे भित्र्याची खूण? सकाळपासून ऐकतेय. आता नाही ऐकून घेणार. मोर्चा राहिला तर राहिला."

कमलनं नानांकडं पाहिलं. नाना सोललेला अंगठा चोखत होते.

"कबूल कर गो," ते हळूच म्हणाले. "माजो शब्द जातलो."

कमल कबूल झाली. राधाबाईंनी बुशाला फेस फासला, एक कड आत दाबली, हट्टी नवरीचा हात वळवावा तसा तो वळवला. पहिला बसला. चौथ्याला तर त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नानांनी मुकाट्यानं बोल्ट आवळले.

चारला दहा कमी असताना टॅक्सी निघाली. आहेर रिकामा जाऊ नये म्हणून कमलनं फुगलेले बुश ताटात घेतले. नगरसेवकाच्या दारात ती कर्ण्यातून गरजली, "हे घ्या! भिजले, फुगले, आता कुठल्याच जागी बसत नाहीत!"

त्याला काही कळलं नाही. रस्ताभर हशा झाला.

पुढच्या निवडणुकीत तो पडला. कोंडीरामनं टॅक्सी विकून गावी बागायत केली. कमल शाळेत शिक्षिका झाली. साबणाची युक्ती आपलीच, असं नाना मरेपर्यंत सांगत राहिले.

राधाबाई वयाच्या ऐंशीपर्यंत बांगड्यांच्या दुकानात बसल्या. त्यांच्या म्हातारपणी एक मिशाळ कार्यकर्ता कुणा मंत्र्याला द्यायला बांगड्या मागायला आला. त्यांनी त्याचाच हात धरला, साबण लावला आणि डझनभर भरल्या. काढता येईनात, म्हणून तो तसाच मोर्चात गेला. घोषणा मात्र, म्हणे, त्या दिवशी त्यानं जन्मात दिल्या नाहीत इतक्या जोरात दिल्या.