टिटवीबाईची कडक स्प्रिंग

एका जंगलात एक टिटवी राहायची, आणि तिच्याकडे एक जुनी, मोठी, उंच गाडी होती.

आता तुम्ही विचाराल, टिटवीला पंख असताना गाडी कशाला? विचारू नका. बाळांनो, त्या जंगलात असले प्रश्न कुणी विचारत नसे. मोराकडे गाडी होती. हरणाकडे होती. कासवाकडेसुद्धा होती, आणि तरी ते उशिराच पोचायचं.

ही टिटवीबाई भारी घाबरट. टिटव्या पाय वर करून झोपतात, आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून, असं म्हणतात ना? बाकीच्यांचं मला माहीत नाही. ही खरंच तशी झोपायची. वर एक डोळा उघडा ठेवायची. आभाळाला तडा गेला तर आधी आपल्याला कळलं पाहिजे.

तिला एक पिल्लू होतं. त्याचं नाव टिल्ली. टिल्लीला पंख फुटले होते, चांगले लांब. पण उडायचं म्हटलं की आई म्हणायची, "आज वारा सुटलाय." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आज वारा नाही, मग तोल कसा राहील?" शाळेत उडण्याचा तास असायचा. त्या तासाला टिल्ली एकटी वर्गात बसून कविता पाठ करायची. बापाला विचारलं, तर टिटवेराव म्हणायचे, "बघू." आणि बघायचे नाहीत.

म्हणून टिल्ली रोज गाडीनं शाळेत जायची. आई तिला मागच्या सीटवर बसवायची. पाठीला उशी, दोन्ही बाजूंना उशी, डोक्यावर उशी. मग दार लावायची, उघडून बघायची लागलं का, आणि परत लावायची.

वाटेत रस्त्याच्या मधोमध मुंग्यांनी वारूळ बांधलं होतं. पंचायतीनं ते पाडलं नाही. त्यावर पांढरे पट्टे मारले आणि गतिरोधक म्हणून नारळ फोडला.

एक दिवस त्या वारुळावरून जाताना गाडीच्या बुडाखाली आवाज आला. खर्रर्र.

दुसऱ्या दिवशी परत. खर्रर्र.

झालं. टिटवीबाईच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. गाडीचं बूड फाटलंय, आणि आपली टिल्ली त्यातून खाली रस्त्यावर पडलीय. शाळा सोडून तिनं गाडी थेट सुतारपक्ष्याच्या गॅरेजात घातली.

सुतारपक्षी गाडीखाली शिरला. टक, टक, टक. बाहेर येऊन म्हणाला, "वहिनी, गाडी मागून बसलीय."

"बसलीय? मी तर उभी करून आले."

"तसं नाही हो. मागच्या स्प्रिंगा दमल्या. वय झालं गाडीचं. दोन्ही बदलू. एकच बदलली तर गाडी लंगडते."

"मग बदला की."

"कुठल्या घालू? आधी होत्या तशा? का ओझ्याच्या? का गाडी उंच करणाऱ्या?"

उशांमधून बारीक आवाज आला. "आई, आधी होत्या तशाच घे ना. मला मस्त झोप यायची."

"गप गं," टिटवीबाई म्हणाली. "मोठी बोलतायत ना?" मग सुतारपक्ष्याला म्हणाली, "भाऊ, चांगल्या कुठल्या?"

"मला काय, तुम्ही सांगाल त्या घालतो. विचारून या कुणाला तरी."

हेच तिला पाहिजे होतं. विचारायला ती फार पटाईत. टिल्लीला साधी शिंक आली तरी ती अख्ख्या जंगलाला विचारून यायची.

आधी बिबट्याकडे गेली. त्याची गाडी इतकी उंच, की आत बसायला त्यालासुद्धा उडी मारावी लागायची.

"वहिनी, उंचच करा," बिबट्या म्हणाला. "खाली काहीच लागत नाही. कुठलाही डोंगर चढा."

"तुम्ही कुठले चढलात, भावजी?"

"वेळ कुठाय हो? पण चढू शकेल असं दिसतं का नाही?"

टिटवीबाईनं विचार केला. गाडी उंच म्हणजे टिल्ली आणखी उंचावरून पडणार. नको.

मग गव्याकडे गेली. गवा चारा वाहायचा. त्याच्या गाडीत रोज अर्धी गंजी मावायची.

"ओझ्याच्या घ्या, डोळे मिटून," गवा म्हणाला.

"पण माझ्या गाडीत ओझं कुठलं? एक टिल्ली नि एक दप्तर."

"आज नाही. उद्या भरलंत तर?"

बाळांनो, घाबरट आईला सगळं सांगावं, पण 'उद्या' म्हणू नये. टिटवीबाईच्या मनात आलं, उद्या! उद्याचा तर आपण विचारच केला नव्हता.

ती धावत गॅरेजात आली. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या जंगलात चांगल्या वस्तूला चांगली म्हणायची पद्धत नव्हती. कडक म्हणायची होती. चहा कडक. इस्त्री कडक. कुणी नवं पीस लावून आलं की, "काय कडक दिसतोयस!" त्यामुळे टिटवीबाई हात जोडून म्हणाली,

"भाऊ, लेकराचा प्रश्न आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तुमच्याकडे जी सगळ्यात कडक असेल ना, तीच टाका."

"सगळ्यात कडक?"

"एकदम कडक."

सुतारपक्ष्यानं मान हलवली. आतून दोन स्प्रिंगा काढल्या. इतक्या जाड, की अजगराची जोडी वेटोळं घालून बसलीय असं वाटावं. त्यानं त्या ठोकून ठोकून बसवल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. मागून बसलेली गाडी आता मागून उठली होती. टिटवीबाई उतारावर असल्यासारखी पुढं घसरत होती. चाकाखाली बोराची बी आली तरी गाडी टणकन उडायची. वारुळावर तर टिल्ली उशीसकट छताला जाऊन आली.

"आई, परत!" टिल्ली ओरडली.

आईला 'टिटिव' ओरडायचं होतं, पण तोंडून नुसता 'टि' निघाला. 'टिव' निघाला तेव्हा शाळा आली होती.

"अहो, ही कसली स्प्रिंग?" ती गॅरेजात ओरडली. "पोरगी टप्प्याच्या चेंडूसारखी उडतेय!"

"तुम्हीच म्हणालात, कडक."

"कडक म्हणजे चांगली हो!"

"वहिनी, चहात कडक म्हणजे चांगला. स्प्रिंगेत कडक म्हणजे कडक." सुतारपक्ष्यानं चोच पुसली. "घाबरू नका. गाडी रिकामी आहे म्हणून उडते. ओझं टाका, बसेल."

तुमच्याआमच्याकडे ओझं बघून स्प्रिंग घेतात. टिटवीबाई स्प्रिंग घेऊन ओझं शोधायला निघाली. दगड? ते घरंगळून टिल्लीला लागतील. पाण्याची पिंपं? टिल्ली बुडेल. शेवटी ती गव्याकडे गेली.

"भावजी, रोज सकाळी शाळेपर्यंत येता का? नुसतं बसायचं."

"नुसतं बसायचं? येतो की! हिला जरा सांगून येतो, मला काम लागलंय म्हणून."

गवा मागच्या सीटवर बसला आणि गाडी हुश्श करून खाली आली. त्याची शिंगं मावेनात, म्हणून छताची खिडकी उघडून ती बाहेर काढली. उशांना जागा उरली नाही. टिल्ली त्याच्याशेजारी सीटच्या पाठीवर, खिडकीच्या बरोबर खाली बसली. गाडी अशी चालली, जशी सायीवरून सुरी. टिटवीबाईला इतक्या दिवसांनी जांभई आली.

गाडी वारुळावर चढली. तेवढ्यात गव्याला रस्त्याकडेला गवत दिसलं.

"थांबा थांबा, वहिनी! काय हिरवंगार आहे हो!"

"अहो भावजी, आत्ता नका—"

पण त्यानं दार उघडलं आणि उतरला.

दाबून ठेवलेल्या दोन्ही स्प्रिंगा एकदम सुटल्या. गाडीचं बूड ताडकन वर आलं. आणि टिल्ली, बाळांनो, छताच्या खिडकीतून सरळ आभाळात गेली.

टिटवीबाईनं वर पाहिलं. लेक वर गेली, थांबली आणि डोकं खाली, पाय वर अशी पडू लागली. आईला पट्टा सुटेना. दार सुटेना. वारा आहे का नाही हे बघायलाही सवड नव्हती.

"पंख!" ती किंचाळली. "अगं टिल्ले, पंख! पंख मार!"

इतका साधा शब्द तिनं लेकीपुढं कधी उच्चारला नव्हता. टिल्लीनं तो ऐकला आणि पंख उघडले. एक कोलांटी खाल्ली. एका बाभळीला घासून गेली. मग वर आली, अगदी वर, आणि तिथून ओरडली, "आई गं, तू केवढीशी दिसतेस!"

"शाब्बास!" गवा म्हणाला, तोंडात गवत घेऊन. "कडक!"

त्या दिवशी टिल्ली घंटा व्हायच्या आधी शाळेत पोचली. पुढं ती रोज उडतच जाऊ लागली.

गाडी विकली का, म्हणता? छे! टिल्ली वरून उडते आणि तिच्या बरोबर खालून टिटवीबाई गाडी चालवते. मान वर, नजर आभाळात. त्यामुळे रस्त्यावरचे ससे आता फार चपळ झाले आहेत.

परवाच ती परत गॅरेजात गेली होती.

"भाऊ, गाडीच्या छतावर एक गादी बांधायची म्हणते. चांगली जाड, कापसाची. वरून कुणी पडलंच, तर लागायला नको. तेवढी गादी पेलेल अशी स्प्रिंग दाखवा."

"कुठली दाखवू, वहिनी?"

"थांबा," टिटवीबाई म्हणाली. "जरा विचारून येते."

तात्पर्य: गाडीची स्प्रिंग नेहमी चार जणांना विचारून, चुकीचीच घ्यावी. बरोबर स्प्रिंग घेतली की पोरं मागच्या सीटवर गाढ झोपतात, आणि लग्नाला येईपर्यंत उठत नाहीत.