आकृती ‘क’ला तहान लागते

कलाकृतीचा आस्वाद एकट्यादुकट्या माणसावर सोडला, तर तो सरळ चित्राकडे बघू लागतो आणि आवडलं की आवडलं म्हणून मोकळा होतो. हा धोका वेळीच ओळखून दत्तात्रेय सरांनी ‘पेण-रोहा प्रायोगिक वेबचित्रकथा व मिश्रमाध्यम रसिक मंडळ’ स्थापन केलं. सर रोह्याचे निवृत्त चित्रकला शिक्षक. आयुष्यभर त्यांनी मुलांकडून फुलदाणी काढून घेतली होती, त्यामुळे निवृत्तीनंतर फुलदाणीसारखी दिसणारी कुठलीही गोष्ट त्यांना सहन होत नसे.

मंडळ एरवी फोनवरच्या गटात भरतं. महिन्यातून एकदा मात्र प्रत्यक्ष बैठक होते, एकदा पेणला आणि एकदा रोह्याला (पेणला चहा बरा मिळतो, रोह्याला पंखा चालतो). मंडळाच्या अंतर्गत पाहणीनुसार त्र्याण्णव टक्के सदस्यांना चित्रकथेचा कुठलाही भाग कळत नाही, आणि उरलेल्या सात टक्क्यांना समज देण्यात आली आहे.

नियम फार नाहीत. ‘आवडलं’ म्हणायचं नाही, ‘अस्वस्थ केलं’ म्हणायचं. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारायचं नाही, ‘इथे अनेक शक्यता संभवतात’ असं म्हणायचं. पुढच्या भागात काय होणार याची उत्सुकता दाखवायची नाही, ती मालिका बघणाऱ्यांची सवय. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे रसिकाने कलाकृतीत हस्तक्षेप करायचा नाही. हा नियम नंतर आला. एका सदस्याने चित्रकर्तीला परस्पर कळवलं होतं की खेकड्याला एक पाय जास्त काढला गेला आहे, आणि दुसऱ्या दिवशी तो पाय चित्रातून नाहीसा झाला. त्या पायावर सरांचं अर्धं टिपण लिहून झालं होतं.

ही चित्रकर्ती म्हणजे ‘खारफुटी’, आणि तिची चित्रकथा ‘बांध’. खारफुटी हे टोपणनाव. खरी व्यक्ती कोण हे मंडळात कुणालाही ठाऊक नव्हतं आणि विचारणं असंस्कृत मानलं जाई. खरं तर ती पेणच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला असलेली, खाडीकाठच्या गावातली प्रतिक्षा होती. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती यंत्राच्या काचेवर भाताची लोंबी, आईच्या बांगड्या, चिंबोरीची नांगी असं काहीबाही ठेवायची, त्याची प्रत काढायची आणि तीवर शाईने रेघा ओढायची. मध्येच फोटो, मध्येच कुणाचा तरी खोकण्याचा आवाज. ‘बांध’मध्ये एक म्हातारा सारखा येई. कधी रेशनकार्डावरचा चेहरा कापून चिकटवलेला, कधी नुसते काचेवर दाबलेले तळवे. तो तिचा बाप होता, काळुराम. मंडळात त्याला ‘आकृती क’ म्हणत.

आकृती ‘क’वर मंडळाने जेवढं लिहिलं, तेवढं काळुरामबद्दल त्याचे सोयरेधायरेसुद्धा कधी बोलले नसतील. तो मीठ आहे, तो काळ आहे, तो काळाच्या अंगावर उरलेलं मीठ आहे, अशा तीन विचारधारा होत्या. तिसरी नितेशची.

नितेश पेणचा. पेणचा माणूस गणपतीच्या कारखान्यांच्या दारातून ये-जा करत मोठा होतो, त्यामुळे कुठलीही मूर्ती दिसली की आधी तिच्यातलं उणं काढायचं, हा संस्कार त्याच्यावर बालपणीच झाला होता. पोटासाठी तो डोलवीच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे गेटवर बसे. काम एवढंच, की कामगाराच्या पासावरचा फोटो आणि समोरचा चेहरा एकाच माणसाचे आहेत की नाहीत ते बघायचं. दाढी वाढलेला, गमछा बांधलेला, रात्रपाळी करून सुजलेला, कसलाही चेहरा तो फोटोशी लावून दाखवी. त्याच्या हातून चुकीचा माणूस आजवर आत गेला नव्हता आणि बरोबर माणूस बाहेर राहिला नव्हता. पण या कामात शक्यता अनेक नसतात. म्हणून त्याला मंडळाचा सहसंयोजक व्हायचं होतं.

रोह्याच्या बैठकीच्या आदल्या रात्री ‘बांध’चा नवा भाग आला. त्यात एकच फोटो होता. आकाशी सदरा घातलेला आकृती ‘क’ दारात बसलेला. खाली हाताने लिहिलेलं होतं, ‘हे माझे वडील. आज दुपारी घरातून गेले ते आले नाहीत. हल्ली विसरतात. कुणाला दिसले तर या नंबरवर फोन करा. ही गोष्ट नाही, खरं आहे.’ आणि खाली फोन नंबर.

मंडळ अक्षरशः ढवळून निघालं. ‘ही गोष्ट नाही’ या तीन शब्दांवर सकाळपर्यंत खल चालला. जुन्या सदस्यांनी नवख्यांना आठवण करून दिली की पूर्वी एका भागात प्राण्याच्या फोटोवर तिने ‘हा बोकड नाही’ असं लिहिलं होतं (ती शेळी होती), आणि मंडळ तीन आठवडे नकार या संकल्पनेत बुडालं होतं. फोन नंबराचाही सखोल अभ्यास झाला. त्यात शून्य दोनदा येतं, म्हणजे पोकळी आलीच. एकाने आकड्यांची बेरीज केली, दुसऱ्याने ती चुकली म्हणून सांगितलं, आणि चूक हीच वाचनाची खरी सुरुवात असते असं सरांनी लिहिलं. नंबर लावणं हा त्याचा एक उपयोग होऊ शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आलं असेल, पण नियमात बसत नव्हतं.

बैठकीला नितेश पेणहून आला. कुंडलिका नदीवरच्या पुलावरून पलीकडे अष्टमीच्या बाजूला सरांच्या घरी जायचं होतं. पूल संपतो तिथे कठड्याला टेकून एक म्हातारा बसला होता. आकाशी सदरा, उजव्या पायातली चप्पल डाव्यात आणि डाव्यातली उजव्यात.

नितेशने फोन काढला, फोटो बघितला, चेहरा बघितला. डाव्या भुवईत तुटलेली रेघ, कानाची पाळी, हनुवटीची खोबण. गेटवर एवढ्यात तो ‘जा’ म्हणाला असता. माणूस तोच होता. मग त्याने मंडळात लिहिलं, ‘आकृती क. शंभर टक्के. अष्टमी पूल. खारफुटीने चौकट मोडली आहे. कलाकृती रस्त्यावर आली आहे.’

सर धोतर सावरत आले. मागोमाग बाकीचे आले. बैठक पुलावरच भरवण्याचा ठराव एकमताने झाला. आकृतीपासून चार हातांचं अंतर राखून अर्धवर्तुळ करण्यात आलं. कुणीही बोट लावू नये, सावलीही पडू देऊ नये, अशी सूचना सरांनी दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, शूटिंग चाललंय. तेही थांबले, आणि कुणीच काही करत नाही म्हणून निर्धास्त झाले.

काळुराम तरुणपणी मिठाच्या गाडीबरोबर हमाल म्हणून रोह्याच्या बाजाराला येत असे. गोणी उतरवून गाडी पुढे जायची आणि परतताना त्याला पुलाशी उचलायची. ती गाडी, तो मालक आणि बहुतेक मिठागरं जाऊन किती वर्षं झाली हे त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. पूल तेवढा राहिला होता. म्हणून सकाळी कुठल्याशा टेम्पोतून उतरून तो इमानदारीने पुलाशी येऊन बसला होता. त्याने माणसं जमलेली बघितली आणि सरांना विचारलं, “गाडी गेली काय वं?”

हे वाक्य टिपून घेण्यात आलं. गाडी म्हणजे विकास, असं एका बाजूचं म्हणणं पडलं. गाडी म्हणजे मृत्यू, असं दुसऱ्या बाजूचं. म्हातारा उत्तराची वाट बघत होता. ऊन चढत गेलं. त्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या नितेशकडे बघून म्हणाला, “पोरा, तान लागली रं. पानी हाय काय?”

नितेशच्या खांद्याच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. भरलेली. त्याचा हात पिशवीकडे गेलासुद्धा. पण सरांनी फक्त मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात सहसंयोजकपद होतं. हात फिरून फोनकडे गेला. त्याने लिहिलं, ‘जन्मभर खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली आकृती प्रेक्षकाकडे गोडं पाणी मागते आहे. अंगावर काटा आला.’ या वाक्याला मंडळाच्या इतिहासातले सर्वाधिक अंगठे मिळाले.

कोलाडला शिकवण्या घेणारी पूजा ही मंडळाची नवी सदस्य. चित्रं छान वाटतात म्हणून आली होती (हे तिने बोलून दाखवलं होतं, आणि तेव्हाच तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरलं होतं). ती घरून मंडळात येणारे पुलावरचे फोटो बघत होती. तिने लिहिलं, ‘तो नंबर कुणी लावून बघितला का? आणि त्यांना पाणी द्या ना.’ सरांनी तिला तत्काळ मंडळातून काढून टाकलं. त्यामुळे पूजाला मोकळा वेळ मिळाला आणि तिने नंबर लावला.

प्रतिक्षाने पहिल्याच घंटेला फोन उचलला. रात्रभर ती बांधाबांधाने बॅटरी घेऊन फिरली होती, आणि सकाळपासून स्टँडवर, दवाखान्यात, खाडीच्या उघाडीशी, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी. शेजारच्या जगनची मिनीडोर रिक्षा घेऊन ती रोह्याला पोचली तेव्हा दुपार झाली होती. अर्धवर्तुळ तसंच होतं. ती वाट काढत आत घुसली, बापापुढे बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. चौकट दुसऱ्यांदा मोडली गेली, असं कुणीतरी कुजबुजलं. ही नवी पात्रयोजना फार खरी वाटते, असंही एक मत आलं. मागून टाळ्या सुरू झाल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबवणारा आपण कोण, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

प्रतिक्षाने डोळे पुसले. बापाच्या ओठांवर पापुद्रे आले होते. तिने सभोवार नजर टाकली आणि ती नितेशवर येऊन थांबली.

“दादा,” ती म्हणाली, “तुमच्या पिशवीत पानी हाय. दिसतंय मला.”

आवाज चढवला नव्हता. शिवी दिली असती तर नितेशला बरं वाटलं असतं. त्याने बाटली काढून दिली. काळुराम सगळं पाणी प्यायला, थोडं सदऱ्यावर सांडलं. मग लेकीने त्याच्या चपला काढून नीट पायांत घातल्या, आणि गाडी आली म्हणून सांगितलं. गाडी आली हे ऐकून म्हातारा लगेच उठला. मिनीडोरमध्ये बसताना त्याने जमलेल्या सगळ्यांना रामराम केला.

पुढच्या आठवड्यात ‘बांध’चा नवा भाग आला. पुलाचा फोटो, आणि त्यावर शाईने काढलेलं माणसांचं अर्धवर्तुळ. प्रत्येकाला चेहऱ्याच्या जागी फोन. फक्त एकाचा चेहरा नीट काढला होता, आणि त्याच्या पिशवीत बाटलीचा खराखुरा फोटो चिकटवला होता. खाली लिहिलं होतं, ‘बाबा घरी आहेत. जेवतात.’

मंडळात दिवाळी झाली. आपण कलाकृतीत आलो. कुठला फोन कुणाचा यावर दोन सदस्यांत कायमचं वैर आलं. सरांनी चित्राची मोठी प्रत काढून चौकटीत बसवली (झेरॉक्स पेणलाच काढली, दुकानातल्या मुलीने पैसे घेतले नाहीत आणि वर बघितलंही नाही). चेहरा लाभलेला एकमेव रसिक म्हणून नितेशची सहसंयोजकपदी बिनविरोध निवड झाली.

नितेश त्या आठवड्यात गेटवर चुकायला लागला. पास हातात घेऊन तो समोरच्याकडे बघत राही, आणि रांग ओरडेपर्यंत बघत राही. एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर त्याने मंडळात लिहिलं, ‘तो माणूस खरंच हरवला होता. मी ओळखला होता. त्याला तहान लागली होती, माझ्याकडे पाणी होतं आणि मी दिलं नाही. मला लाज वाटते.’

पहिला अंगठा काही क्षणांतच आला. मग जोडलेले हात, मग ज्वाळा. कबुलीजबाब या रूपबंधाचा इतका संयत वापर आपल्याकडे प्रथमच होत आहे, असं सरांनी लिहिलं आणि तो मजकूर मंडळाच्या माथ्यावर टाचून ठेवला. नितेशने पुन्हा लिहिलं, ‘हे टिपण नाही. खरं आहे.’ त्यालाही अंगठे आले, आधीपेक्षा जास्त.

वाचकहो, एवढ्यावरून मंडळाला कुणी हसू नये. ती अभ्यासू माणसं आहेत, त्यांनी निदान नंबरातली शून्यं तरी मोजली. तुमच्या घरच्या आणि सोसायटीच्या गटावरही अधूनमधून असा एक फोटो येतो, खाली नाव, गाव आणि फोन नंबर असतो. गेल्या महिन्यातही आला होता. तुम्ही हळहळलात, हात जोडलेलं चित्र टाकलंत आणि आणखी दोन गटांवर पाठवून दिलात, हे मला माहीत आहे.

तर सांगा पाहू, त्या माणसाच्या अंगातला सदरा कुठल्या रंगाचा होता?