यमूताईचे बेडूक आणि दोन फटी

एका जंगलात, बाळांनो, यमूताई नावाची एक साळिंदर राहत होती. अंगभर काटे आणि डोकंभर नसत्या शंका.

तिनं एक कुंपण घातलं. त्याला दोन फटी ठेवल्या. पलीकडे मऊ चिखल. मग ती एका वेळी एकच बेडूक सोडायची आणि स्वतः कुंपणाकडे पाठ करून बसायची. शंभरेक बेडूक गेले की उठून चिखलातले ठसे बघायची.

ठशांचे चक्क पट्टे पडायचे. एक पट्टा भरलेला, शेजारचा कोरा, मग पुन्हा भरलेला. एक फट बुजवली की पट्टे गायब! जणू प्रत्येक बेडूक लाटेसारखा पसरून दोन्ही फटींतून एकदम जात होता.

तिनं एका बेडकाला धरून विचारलं, "खरं सांग, कुठल्या फटीतून गेलास?"

"ताई, कुणी बघत होतं का?"

"नाही."

"मग मी कशाला ठरवत बसू?"

यमूताईला आनंदानं जेवण जाईना. ती तडक वाघमहाराजांच्या दरबारात गेली.

"एक बेडूक, दोन फटी?" महाराज गुरगुरले. "खोटं निघालं तर तुझा एकेक काटा उपटू." आणि त्यांनी तीन तरसांची चौकशी समिती नेमली.

तरस फटींना डोळे लावून बसले. "हा डावीकडून!" "हा उजवीकडून!" चिखलात ठशांचे दोन साधे पुंजके. पट्टा एकही नाही.

"साहेब, तुम्ही बघितलंत म्हणून ते असे वागले हो," यमूताई काकुळतीला आली.

"म्हणजे आमच्या बघण्यात खोट?" तरसांचा प्रमुख खवळला. "उपटा काटे!"

पहिला काटा निघाला. यमूताई कळवळली. पण डोकं काही थांबलं नव्हतं.

"उपटा," ती म्हणाली, "पण उपाशीपोटी नको. घरात श्रीखंड-पुरी तयार आहे."

समिती जेवायला बसली. चौथ्या वाटीला तिन्ही तरस घोरू लागले. यमूताईनं पाठ फिरवली आणि पुन्हा एकेक बेडूक सोडला.

तरसांना जाग आली ती महाराजांच्या डरकाळीनं. महाराज चिखलापाशी उभे होते. चिखलभर पट्टे!

प्रमुखाला घाम फुटला. पट्टे खरे मानावेत, तर समिती झोपली होती. समिती जागी होती म्हणावं, तर हे पट्टे आले कुठून?

"महाराज," तो शेवटी म्हणाला, "आम्ही क्षणभरही डोळे मिटले नाहीत. सगळी लबाडी या चिखलाची आहे."

चिखल तडीपार झाला. त्या जागी गुळगुळीत फरशी बसली. यमूताई निर्दोष सुटली. पण फरशीवर ठसे कुठले उमटायला? बेडूक अजूनही त्या फटींतून जातात. यमूताई पाठ करून बसते आणि एकटीच खुदकन हसते.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी डोळे उघडे ठेवून काम करावं, म्हणजे नवीन काही सापडण्याचा धोका राहत नाही.