मावशींच्या खाटेवर

मावशींचा उजवा पाय मांडीपासून सुटून हातात आला आणि निरोपाचा कार्यक्रम तिथेच बिघडला.

घाबरायचं कारण नाही, मावशी रबराच्या होत्या. नर्सिंग कॉलेजच्या सराव-खोलीत कोपऱ्यातल्या खाटेवर त्या कैक वर्षं पडून होत्या. सुया टोचून घ्यायच्या, पट्ट्या बांधून घ्यायच्या, अंग पुसून घ्यायचं आणि कुरकुर करायची नाही, एवढंच त्यांचं काम. शिकवणाऱ्या बाईंचा मात्र एक कडक नियम होता. मावशींना हात लावण्याआधी त्यांच्याशी बोलायचं. ‘मावशी, मी आता तुमचा रक्तदाब बघणार आहे बरं का, दंडाला थोडं आवळेल.’ न बोलता हात लावला की बाई मार्क कापत. रबराशी बोलायची सवय झाली की माणसाशी बोलणं जड जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

पाय जिच्या हातात आला होता तिला वर्गात सगळे ‘चक्कर’ म्हणत. वॉर्डच्या पहिल्याच आठवड्यात रक्ताची पिशवी बघून ती आडवी झाली, तेव्हा पेशंटनेच घंटा वाजवून नर्सला बोलावलं होतं. पुढे ती जखम बघून पडली, टाके बघून पडली, एकदा तर सांडलेलं टोमॅटोचं सूप बघून पडली. शुद्धीवर आली की कपडे झटकायची आणि विचारायची, “हं, कुठपर्यंत आलो होतो आपण?” पण परवा ती नेमकी एका प्लास्टर घातलेल्या आजोबांवर कोसळली. आजोबा म्हणाले, “पोरी, तू झोप इथे, मी उठतो.” अख्खा वॉर्ड हसला. संध्याकाळी तिने बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, “जमत नसेल तर ये. घर कुठे पळून गेलंय?”

तर आज बाबा टेम्पो घेऊन यायचे होते.

कॉलेज सोडणाऱ्यांची तिथे एक रीत पडली होती. कोणी कोणाला सांगत नसे. सराव-खोलीच्या दाराशी खुंट्या होत्या, त्यातल्या आपल्या खुंटीवर ॲप्रन टांगायचा आणि मागच्या जिन्याने निघून जायचं. दुसऱ्या दिवशी ॲप्रन तिथेच दिसला की वर्ग काय ते समजायचा. बिनमालकाच्या ॲप्रनांची रांग आता बरीच लांबली होती. चक्करनेही आपला टांगला. बाईंसमोर उभं राहायचं धाडस नव्हतं, म्हणून निदान मावशींना सांगावं, उशी सारखी करावी, जाता जाता पाय सरळ करावा...

पाय सरळ झाला. जरा जास्तच.

आणि बाहेर बाईंच्या चपला वाजल्या.

*रुग्णाची अवस्था: एक पाय कमी. नातेवाईक घाबरलेले.*

पुढचं सगळं चक्करने विचार न करता केलं. विचार केला असता तर ती खिडकीतून गेली असती. तिने पडदा ओढला आणि मावशींना खाटेखाली सरकवलं. कालच्या तासाला वर्गाने मावशींच्या डोक्याला आणि डोळ्यांना बँडेज बांधलं होतं. ते टोपीसारखं ओढून काढून स्वतःच्या डोक्यावर चढवलं, ऑक्सिजनचा मास्क नाकावर घेतला, बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि एक हात बाहेर ठेवून गळ्यापर्यंत चादर ओढली. बाई काहीतरी घ्यायला आल्या असतील, घेतील आणि जातील.

बाई आल्या त्या वर्ग घेऊन.

“आज मावशींची परीक्षा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तुमची. एकेकाने पडद्याआड जायचं. मी बाहेर बसून ऐकणार. मावशींशी कसं बोलता, ते ऐकायचंय मला.”

पहिली आली मॉनिटर. हिची वही कोरीव, हिची पट्टी सरळ, हिचं नाव घेऊन बाकीच्यांना बोलणी बसायची.

“नमस्कार मावशी. मी आता तुमचा रक्तदाब बघते हं,” तिने खणखणीत आवाजात सांगितलं, दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दोनदा दाबला आणि तितक्याच खणखणीत आवाजात जाहीर केलं, “एकशे वीस, ऐंशी.”

रबराला रक्तदाब नसतो. त्यामुळे मावशींचा आकडा कॉलेज निघाल्यापासून एकशे वीस, ऐंशी असाच होता आणि तो सांगायला यंत्राकडे बघावं लागत नसे. दंड गरम आहे, हे लक्षात यायलाही दंडाकडे लक्ष असावं लागतं.

मग मॉनिटरचा आवाज एकदम खाली आला.

“मावशी, तुम्हालाच सांगते. चक्करचा ॲप्रन खुंटीवर आहे. गेली वाटतं.” तिने नाक ओढलं. “मी रोज ठरवते, उद्या सोडायचं. आणि रोज सकाळी ती हजर असते, कपाळाला टेंगूळ घेऊन. मला तर एकदाही चक्कर आली नाही. मी कुठल्या तोंडाने सोडू? आता तीच गेली. मला कोण अडवणार?”

मॉनिटरला रडताना बघायचं भाग्य वर्गात कोणालाच लाभलं नव्हतं. आज लाभलं, तर नेमकी डोळ्यांवर पट्टी.

*रुग्णाची अवस्था: हालचाल नाही. हालचालीची इच्छा भरपूर. बँडेज आतून ओलं.*

दुसरा आला पैलवान. आडव्या अंगाचा, आवाज मात्र गोगलगायीचा. त्याच्या वाट्याला इंजेक्शन होतं.

“कुठे देऊ, बाई?” त्याने पडद्याआडून विचारलं.

“उजव्या मांडीत,” बाई म्हणाल्या. “उजव्याच.”

चक्करने दात आवळले.

“मावशी, घाबरू नका,” पैलवान कुजबुजला, “मी घाबरलोय तेवढं पुरे. चक्कर गेली ना, आता सगळ्यात कच्चा मीच. ती पडायची तेव्हा मीही भिंत धरून डोळे मिटून उभा असायचो. कोणाला कळायचं नाही, कारण सगळे तिच्याकडे बघायचे. वर तिला उचलायला मलाच बोलवायचे, म्हणजे रक्तापासून सुटका.” त्याने सुई वर धरली. “नीट शिकवून तरी जायचं होतं तिने. पडून पुन्हा उठायचं कसं, ते.”

त्याच क्षणी चक्करच्या पाठीखाली ठेवलेला फोन थरथरायला लागला. बाबा पोचले होते.

पैलवानाचा हात खाटेवर होता. तो थबकला.

“बाई,” तो कसाबसा म्हणाला, “मावशींना धडधडतंय.”

“मग धीर दे त्यांना.”

त्याने धीर द्यायला मावशींचा हात हातात घेतला. हात उबदार होता. सुईवरचा थेंब चादरीवर पडला, आणि मास्कमधून मावशी म्हणाल्या, “उजव्या नको रे.”

पैलवान सावकाश, कपाट कलावं तसा, खाली गेला.

*रुग्णाची अवस्था: रुग्ण उठला. विद्यार्थी पडला.*

चक्करने एका डोळ्यावरचं बँडेज वर सारलं आणि खाटेवरून उडी मारली. वर्षभर जमिनीवरून छत बघितलेल्या माणसाला या प्रसंगात काय करायचं, हे विचारावं लागत नाही. तिने त्याची कॉलर सैल केली. टाचांखाली द्यायला जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून मावशींचा पाय दिला.

“दादा, मी आता तुमचे पाय वर करणार आहे बरं का. घाबरू नका. आधी सगळं गोल फिरेल, मग थांबेल. कानात शिटी वाजेल, ती जाते. लगेच उठू नका, लगेच उठलं की पुन्हा पडतो आपण.”

पडदा सरकला. बाई उभ्या होत्या, मागे डोळे पुसत मॉनिटर, तिच्यामागे वर्ग.

“मावशींचा पाय खाटेखालून बाहेर आलेला मला दारातूनच दिसला होता,” बाई म्हणाल्या.

“मग बोलला का नाहीत?”

“रुग्ण झोपला होता. झोपलेल्या रुग्णाला उठवू नये, हे मीच शिकवते.” त्यांनी पट्टा उचलला. “बस. हात पुढे कर. मी आता तुझा रक्तदाब बघणार आहे, दंडाला थोडं आवळेल.”

काटा खाली आला. आणखी खाली आला. बाईंनी पुन्हा बघितलं.

“नव्वद, साठ. सकाळी काय खाल्लंस?”

“वॉर्डच्या आधी मी खात नाही, बाई. उलटी झाली तर, म्हणून.”

“कधीपासून?”

“पहिल्यांदा पडले तेव्हापासून.”

बाईंनी मॉनिटरकडे नुसतं बघितलं. एवढं मोठं नर्सिंग कॉलेज. वर्षभर सगळ्यांनी चक्करच्या तोंडावर पाणी मारलं, पण पट्टा बांधून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. बाईंनाही. तो विचार बाईंच्या चेहऱ्यावर जरा वेळ बसून राहिला.

“रक्त बघून येते ती चक्कर जाईल की नाही, ते मी सांगू शकत नाही,” त्या हळू म्हणाल्या. “पण अर्धी तरी पोटातली आहे. तेवढी उद्यापासून बंद.”

“उद्या मी नाहीये, बाई. मी सोडून चाललेय. बाबा खाली टेम्पो घेऊन आलेत.”

बाई स्टुलावर टेकल्या.

“मला सांगून जाणारी तू पहिली,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळे खुंटीला सांगून गेले.”

तेवढ्यात, फोन कोणी उचलत नाही म्हणून जिने चढून धापा टाकत बाबाच दारात आले. समोर जमिनीवर तीन पायांचा एक मुलगा आणि खाटेवर डोकं बांधलेली एक पेशंट.

“माफ करा, आमची मुलगी...” म्हणून ते खाटेकडे वळले. “ताई, तुम्ही कशाला उठून बसलात? पडून राहा.”

“बाबा, मीच आहे.”

बाबांनी दाराची चौकट धरली. चक्करने उठून त्यांना दंडाला धरून आणलं, मावशींच्या खाटेवर बसवलं.

“बाबा, मी आता तुमचा रक्तदाब बघणार आहे बरं का. दंडाला थोडं आवळेल.”

तिने काट्याकडे बघितलं. नीट, शेवटपर्यंत बघितलं.

“आज गोळी घेतली नाहीत ना?”

“अगं, तुझं सामान न्यायच्या घाईत...”

“चपला काढा. आडवे व्हा.”

“आणि टेम्पो?”

“उभा राहू दे.”

“अगं पण निघायचं कधी?”

चक्कर उशी सारखी करत होती. मॉनिटर दाराशी गेली आणि खुंटीवरचा ॲप्रन घेऊन आली. जमिनीवरून पैलवानाने विचारलं, “मी आता उठू का?”

“अजून नको,” चक्कर म्हणाली, आणि ॲप्रनच्या बाहीत हात घातला.

*रुग्णाची अवस्था: खाट तीच, रुग्ण नवा. रक्तदाब पुन्हा खरा. डिस्चार्ज: रुग्णाला संध्याकाळी. नर्सला नाही.*